वायरलेस माउसचा सेल महिनाभरातच उतरतो? आधी माउस झोपतो का ते पाहा

नवा सेल घातला की दोन-तीन आठवडे माउस उत्तम चालतो. मग कर्सर मध्येच अडखळायला लागतो, क्लिक हुकतात, आणि एके दिवशी ऐन कामात माउस पूर्ण थंड पडतो. पुन्हा नवा सेल, पुन्हा तीन आठवडे. खोक्यावर मात्र '१२ महिने' छापलेलं असतं.

हा त्रास मी जवळजवळ एक वर्ष काढला. त्या काळात मी फक्त सेलच बदलत राहिलो. या कंपनीचा, त्या कंपनीचा, महागातला, रिचार्जेबल. फरक पडायचा तो चार-सहा दिवसांचा. दोष सेलमध्ये नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून ज्या क्रमाने मी आता तपासणी करतो त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. दुकानात जायच्या आधी यातल्या बहुतेक गोष्टी घरी बसून पाहता येतात.

आधी एक भागाकार

चांगल्या अल्कलाइन डबल-ए सेलमध्ये, म्हणजे मोठ्या पेन्सिल सेलमध्ये, साधारण २००० ते २८०० मिलिअँपिअर-तास (म्हणजे किती मिलिअँपिअरचा प्रवाह किती तास मिळेल, याचं माप) एवढा साठा असतो. हिशेबाला २५०० धरू. वर्षाचे तास ८७६०. भागून पाहिलं तर ०.२८ मिलिअँपिअर येतात. म्हणजे सेल वर्षभर पुरायचा असेल, तर रात्र, सुट्ट्या, माउस नुसता पडून असलेला वेळ हे सगळं धरून सरासरी खर्च एवढाच हवा.

हात फिरत असताना माउस याच्या कितीतरी पट जास्त, काही मिलिअँपिअर ओढतो. तरीही वर्ष निघतं, कारण दिवसातला बहुतेक वेळ माउस झोपलेला असतो. तळाचा सेन्सर खरं तर एक लहानसा कॅमेरा आहे. तो टेबलाचे सेकंदाला हजारो बारीक फोटो काढतो आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करून हालचाल ओळखतो. हालचाल थांबली की तो फोटोंचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करतो. शेवटच्या टप्प्यात 'कुणी हलवलं का?' एवढंच पाहण्यापुरता, सेकंदाला मोजके फोटो घेतो आणि बाकी वेळ सगळं बंद ठेवतो.

माझा सेल वीस दिवस पुरत होता. वीस दिवसांचे ४८० तास, २५०० भागिले ४८०, म्हणजे पाच मिलिअँपिअरहून थोडं जास्त. चोवीस तास, सतत. हा आकडा कागदावर आला तेव्हाच मला उलगडलं की माझा माउस रात्रीसुद्धा जागा आहे.

तुमच्या माउसचाही असाच हिशेब करून पाहा. सेल महिनाभर पुरत असेल तर सरासरी साडेतीनच्या आसपास येईल. एवढा खर्च असेल तर माउस झोपत नाही, आतून कुठेतरी गळती आहे किंवा सेलच हलका आहे, असं समजा. तीन महिने पुरत असेल तर सरासरी एकच्या थोडी वर जाते. तिथे बहुधा एकच मोठा दोष नसतो. दोन-तीन लहान गोष्टी मिळून सेल खात असतात.

झोपू न देणारं टेबल

कर्सर स्क्रीनच्या मधोमध आणा, माउसवरचा हात काढा आणि दोन मिनिटं काहीही न करता कर्सरकडे पाहा. अक्षरं मोठी करून दाखवणारी सोय चालू केलीत तर आणखी बरं. कर्सर एका ठिपक्याएवढा जरी थरथरला, तरी सेन्सरला वाटतं आहे की माउस हलतो आहे. मग तो झोपत नाही, आणि प्रत्येक खोट्या हालचालीची खबर रेडिओवरून कंप्युटरला देत राहतो.

मला हे कळलं ते स्क्रीनमुळे. दहा मिनिटं काम नसेल तर स्क्रीन बंद व्हावी असं मी सेट केलेलं होतं, पण ती कधीच बंद होत नव्हती. ते मी कंप्युटरचं दुखणं समजत होतो. प्रत्यक्षात माउसच त्याला जागं ठेवत होता. तुमचीही स्क्रीन आपणहून बंद होत नसेल आणि सेलही लवकर उतरत असेल, तर दोन्हींचं मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे. (उलट तपासणीही सोपी आहे. रात्री माउसचा स्विच बंद करून पाहा. स्क्रीन वेळेवर बंद झाली, तर शंका खरी.)

माझं टेबल चकचकीत सनमायकाचं होतं आणि वर पारदर्शक काच. अशा पृष्ठभागावर प्रकाश एकतर आरशासारखा परततो किंवा आरपार जातो. सेन्सरला पकडायला खुणाच मिळत नाहीत, आणि मग तो धुरकट चित्रात नसलेली हालचाल शोधतो. मी माउसखाली साधा पांढरा कागद सरकवला आणि थरथर त्या क्षणी थांबली. त्याच आठवड्यात साधा कापडी माउसपॅड आणला.

काळ्या कुळकुळीत पॅडबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. गडद पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे प्रत्येक फोटोसाठी सेन्सरला दिवा जास्त वेळ लावावा लागतो. कर्सर छान चालतो, तक्रार काही नसते, पण दिव्याचा खर्च वाढतो. फिक्या रंगाचा, मॅट, बारीक पोत असलेला पॅड सगळ्यात चांगला.

पॅड चांगला असूनही कर्सर थरथरत असेल तर सेन्सरचं भोक पाहा. तिथे अडकलेला एखादा केस किंवा धुळीचा तंतू हवेने हलतो आणि सेन्सर त्यालाच हालचाल समजतो. कोरड्या मऊ ब्रशने किंवा कानाच्या काडीने अलगद साफ करा. कंप्युटरचा डबा, स्पीकर किंवा पंखा त्याच टेबलावर असेल तर त्याची थरथरही पुरते. तळाची घसरपट्टी झिजून माउस एका बाजूला कलला असेल, तर सेन्सर आणि पृष्ठभाग यांतलं अंतर बदलतं आणि तोच प्रकार होतो.

माउस झोपतो का, हे थेटही पाहता येतं. लाल दिव्याचा माउस असेल तर खोलीत अंधार करा, माउसला हात न लावता त्याच्या कडेखालून येणारा उजेड पाहा. काही सेकंदांत तो मंद व्हायला हवा. दिवा अवरक्त असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपका दिसतो. लेसरचा माउस उलटा करून त्यात डोळा लावून मात्र पाहू नका.

बॅगेचा मुद्दा थोडक्यात. स्विच चालू ठेवून माउस बॅगेत टाकला की वाटेतल्या प्रत्येक धक्क्याला तो जागा होतो, रिसीव्हरला (कंप्युटरला जोडलेल्या, माउसचा संदेश घेणाऱ्या तुकड्याला) हाका मारतो, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा मारतो. तळाचा स्विच त्यासाठीच आहे. दोन-तीन उपकरणांशी जोडता येणाऱ्या माउसमध्ये हेच टेबलावर बसल्या बसल्या होतं: निवडलेलं उपकरण बंद असलं की माउस त्यालाच शोधत राहतो.

रिसीव्हर कुठे लावला आहे?

पॅड बदलल्यावर माझा सेल वीस दिवसांवरून जवळपास पाच महिन्यांवर गेला. आनंद झालाच, पण १२ महिन्यांचं काय? उरलेला चोर कंप्युटरच्या मागच्या बाजूला बसला होता.

बहुतेक वायरलेस माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, मग जोडणी छोट्या डोंगलची, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावायच्या रिसीव्हरची असो वा ब्लूटूथची. वाय-फायचाही एक मोठा भाग त्याच पट्ट्यात आहे. माउसने माहिती पाठवली की रिसीव्हर 'मिळाली' अशी पोच देतो. पोच आली नाही तर माउस तीच माहिती पुन्हा पाठवतो. रेडिओ चालू असतानाचा क्षण हा माउसच्या सगळ्यात खर्चिक क्षणांपैकी एक असतो, त्यामुळे दोनदा-तीनदा पाठवावं लागलं की तेवढ्याच हालचालीला रेडिओचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

या पट्ट्यातल्या गर्दीचं सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे यूएसबी ३.० चे पोर्ट, ज्यांच्या आतली जीभ बऱ्याचदा निळी असते. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला होता. यूएसबी ३.० ची जोडणी चालू असताना पोर्ट, केबल आणि उपकरणातून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो, आणि शेजारीच लावलेल्या डोंगलला माउसचा आवाज ऐकू येईनासा होतो. माझा डोंगल बाहेरच्या हार्ड डिस्कला अगदी खेटून होता. मोठी फाइल कॉपी होत असली की नव्या सेलवरसुद्धा कर्सर उड्या मारायचा. ही खूण लक्षात ठेवा, कारण कर्सर उडायला लागला की आपण लगेच सेलला दोष देतो आणि निम्माशिम्मा भरलेला सेल फेकून देतो.

उपाय साधा आहे. एक छोटी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, माउसपासून हातभर अंतरावर आणा. जमल्यास तो यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये लावा आणि हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूला न्या. वाय-फाय राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर कंप्युटर त्यावर जोडा. कंप्युटरचा पत्र्याचा डबा आणि लोखंडी टेबल हे माउस आणि डोंगल यांच्या मध्ये येऊ देऊ नका.

सेल कोणता, आणि टक्के किती खरे

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून लिहितो.

बाहेरून सारखे दिसणारे पेन्सिल सेल आतून अगदी वेगळे असतात. स्वस्त झिंक-कार्बन सेलमध्ये अल्कलाइनच्या निम्म्याहून कमी साठा असतो. माउससोबत खोक्यात आलेला सेल कोणत्या जातीचा होता ते आवरणावर वाचा. कंपनीने सांगितलेले महिने बहुतेक वेळा अल्कलाइनवरचे असतात. ट्रिपल-ए, म्हणजे बारीक पेन्सिल सेल, अल्कलाइन असला तरी साधारण ११०० मिलिअँपिअर-तासांचा. खोबणीत अडॅप्टर घालून डबल-एच्या जागी ट्रिपल-ए वापरला तर माउस हलका होतो, पण सेलचं आयुष्य निम्म्याखाली येतं.

रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल माझ्या मते माउससाठी चांगला पर्याय आहे, पण त्याच्या दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे त्याचा व्होल्टेज १.२ असतो, तर ताज्या अल्कलाइनचा १.५ किंवा किंचित जास्त. माउस टक्के काढतो ते व्होल्टेज मोजून, आणि तेही अल्कलाइन सेल गृहीत धरून. त्यामुळे पूर्ण भरलेला रिचार्जेबल सेल घातल्या घातल्या माउस 'बॅटरी कमी' म्हणू शकतो. लोक घाबरून तो काढतात आणि पुन्हा चार्जिंगला लावतात. मीही हेच करत होतो. या सेलचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकतो, म्हणून टक्क्यांकडे पाहू नका. कर्सर अडखळेपर्यंत चालू द्या.

दुसरी गोष्ट, जुन्या पद्धतीचे असे सेल नुसते पडून राहिले तरी आपोआप उतरतात. वर्षभराच्या कामाला ते बसत नाहीत. पडून राहिल्यावर फार कमी उतरणारे सेल २००५ मध्ये सान्योने एनेलूप या नावाने आणले आणि मग इतरांनीही काढले. माउससाठी याच जातीचे घ्या. तरी ते अल्कलाइनपेक्षा थोडे लवकरच संपतील. एका सेलवरचे बहुतेक माउस व्होल्टेज आतल्या आत वाढवून घेतात, आणि मुळात व्होल्टेज कमी असला की तेच काम करायला सेलमधून प्रवाह जास्त ओढावा लागतो.

यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेलही आता मिळतात. त्यांच्या आत एक छोटं सर्किट असतं, ते व्होल्टेज शेवटपर्यंत १.५ वर धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं. त्यामुळे माउस पूर्ण भरल्याचं दाखवत दाखवत अचानक बंद पडतो. शिवाय ते सर्किट चालू राहायला थोडी वीज स्वतःच खातं, आणि माउससारख्या कमी खर्चाच्या वस्तूत हा थोडा वाटाही डोळ्यांत भरतो. मी ते माउससाठी वापरत नाही.

आणि एक इशारा मनापासून देतो. १४५०० या नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब डबल-ए असतो, पण त्याचा व्होल्टेज ३.७ असतो. तो पेन्सिल सेलच्या जागी बसतोही, आणि माउस जाळूही शकतो. आवरणावर ३.७ लिहिलेलं दिसलं तर तो बाजूला ठेवा.

न भरता येणारा लिथियम सेल, म्हणजे लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा, १.५ व्होल्टचाच असतो आणि माउसला चालतो. वजन अल्कलाइनच्या २३ ग्रॅमच्या तुलनेत १५ ग्रॅम, साठा ३००० च्या आसपास, आणि तो पाझरण्याचा धोकाही फार कमी. किंमत जास्त असते. हात दुखतो म्हणून माउस हलका हवा असेल त्यांनी विचार करावा.

सेल टेबलावर आपटून, तो उसळतो का पाहून ठरवायची युक्ती अनेकांना ठाऊक असते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ती तपासली. अल्कलाइन सेल वापरला की आत झिंक ऑक्साइड तयार होतं आणि तो उसळायला लागतो हे खरं, पण साधारण निम्मा उतरेपर्यंतच ही उसळी वाढते, पुढे तशीच राहते. म्हणजे उसळणारा सेल रिकामाच असेल असं नाही.

काढलेला सेल मोजा

मल्टीमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजायचं यंत्र) असेल तर माउसने 'संपला' म्हटलेला अल्कलाइन सेल लगेच मोजा. १.१ व्होल्ट किंवा त्याखाली दिसला तर तो खरोखर उतरला आहे. १.४ दिसला तर सेलमध्ये भरपूर जीव आहे आणि वीज वाटेत अडते आहे. मल्टीमीटर नसेल तर तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहा. घड्याळ महिनोन्‌महिने चाललं, तर सेलवर आळ घेण्यात अर्थ नव्हता. मात्र घड्याळ फारच थोड्या विजेवर चालतं, त्यामुळे दोन-चार दिवस चाललं म्हणून सेल भरलेला आहे असं ठरवू नका.

वीज अडते ती बहुधा खोबणीतल्या पट्टीवर किंवा स्प्रिंगवर. अल्कलाइन सेल पाझरला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेशी मिसळून पांढरी भुकटी जमते. हा पदार्थ त्वचेला झोंबतो, तेव्हा हातमोजे घाला. कानाच्या काडीवर व्हिनेगरचे एक-दोन थेंब घेऊन भुकटी पुसा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीच जागा साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. हिरवट थर असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. स्प्रिंग दबली असेल तर चिमट्याने किंचित बाहेर ओढा. दोन सेलचा माउस असेल तर जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. जोडणी एकामागोमाग असेल तर जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून वीज ढकलत राहतो, आणि पाझरायला तिथूनच सुरुवात होते.

गेमिंगचे आणि आतल्या बॅटरीचे माउस

इथे महिन्यांऐवजी तासांचा हिशेब असतो आणि सेटिंगला फार महत्त्व येतं. साधा माउस कंप्युटरला सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेमिंगचा १००० वेळा, काही तर ८००० वेळा. रेझरच्या वायपर व्ही३ प्रो या माउसला कंपनी स्वतः १००० वर ९५ तास आणि ८००० वर १७ तास सांगते. लिखाण आणि हिशेबाची कामं करताना हा वेग १२५ किंवा २५० वर आणून ठेवा, खेळताना वाढवा. रंगीत दिव्यांचंही तसंच. लॉजिटेकच्या जी प्रो वायरलेसला दिवे लावून ४८ तास सांगितले होते, दिवे बंद करून ६०.

आतली लिथियम-आयन बॅटरी पूर्वी दोन महिने टिकायची आणि आता दोन आठवडे टिकते, तर ती म्हातारी झाली आहे. ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर अशा बॅटरीत सुमारे ८० टक्के साठा उरतो, पुढे घसरण चालूच राहते. उन्हात आणि गरम जागी ठेवल्याने ती लवकर येते. पण आयुष्य आठवड्याभरात एकदम पडलं असेल तर वय कारण नाही. वर लिहिलेली पॅडची आणि डोंगलची तपासणी आधी करा, अलीकडे कोणतं सॉफ्टवेअर अपडेट झालं तेही पाहा. माउसचं आवरण फुगलेलं दिसलं, बटणं वर उचलली गेली, तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका.

तरीही उतरतोच आहे

मग प्रवाह मोजावा लागेल. पातळ पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा, दोन फॉइल एकमेकींना लागू देऊ नका, आणि हा तुकडा सेलचं एक टोक आणि खोबणीतली पट्टी यांच्यामध्ये सरकवा. मल्टीमीटरच्या दोन तारा दोन फॉइलना लावल्या की सगळा प्रवाह मीटरमधून जातो. मीटर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवा. अगदी लहान रेंजवर मीटरच व्होल्टेज खातो आणि माउस चालू होत नाही.

माउस हलवा, आकडा काही मिलिअँपिअरवर जाईल. हात काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. आकडा एकच्या बराच खाली यायला हवा. माझा आता या रेंजवर जवळजवळ शून्य दाखवतो, आणि सध्याचा सेल घालून नऊ महिने झाले आहेत.

आकडा वरच अडकला असेल तर पॅडवरून उचलून कागदावर ठेवा, डोंगल जवळ आणा, पुन्हा पाहा. शेवटी तळाचा स्विच बंद करा. स्विच बंद असतानाही मीटर एखादा मिलिअँपिअर दाखवत असेल तर गळती माउसच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरच आहे, आणि बहुतेक वेळा ती कधीकाळी आत गेलेल्या चहा-पाण्याची असते. सेल काढा, माउस उघडून पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, दिवसभर वाळवा आणि पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर दुरुस्तीत आणखी वेळ घालवू नका. नवा माउस येईपर्यंत रोज काम संपलं की सेल काढून ठेवा.